चित्रपटातील हिंसा सहन होत नाही, तेव्हा प्रेक्षकाने काय करावे?

इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या एका गृहिणीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : "सासरी सगळ्यांनी मिळून सिनेमाला जाण्याची पद्धत आहे. मारामारी आणि रक्तपात सुरू झाला की मी डोळे घट्ट मिटून बसते, तरीही पुढच्या दोन-तीन रात्री नीट झोप लागत नाही. मागे एकदा शस्त्रक्रियेच्या दृश्याला मला चक्क घेरी आली. दीर हसतात आणि म्हणतात, 'वहिनी, टोमॅटो सॉस आहे हो तो, बघत राहा, सवय होईल.' हा माझ्या मनाचा दुबळेपणा आहे का? असे चित्रपट बघत राहिल्याने मन खरोखर घट्ट होईल का? घरच्यांचा विरस न करता मी काय करावे? माझी ९ वर्षांची मुलगीही आता माझ्यासारखीच वागू लागली आहे."

मी या शहरात बरीच वर्षे समुपदेशनाचे काम करतो आणि हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत अनेकदा ऐकतो. स्त्रिया तो सरळ विचारतात. पुरुष बहुधा झोपेची तक्रार घेऊन येतात आणि सिनेमाचा उल्लेख तिसऱ्या-चौथ्या भेटीत, तोही ओशाळत करतात.

तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर 'नाही' असे आहे. एलेन आणि आर्थर अ‍ॅरन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९९७ साली असे मांडले की, बाहेरून येणाऱ्या संवेदनांवर मनात अधिक खोलवर प्रक्रिया होणे हा एक स्वतंत्र स्वभावगुण आहे, आणि तो मोजण्यासाठी त्यांनी २७ विधानांची प्रश्नावली तयार केली. मोठे आवाज, प्रखर उजेड, गर्दी आणि हिंसक दृश्ये यांचा अशा व्यक्तींना लवकर त्रास होतो, आणि संगीताने किंवा एखाद्या कलाकृतीने त्या इतरांपेक्षा अधिक हेलावूनही जातात. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागी झालेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोक अधिक संवेदनशील गटात, ४० टक्के मध्यम गटात आणि २९ टक्के कमी संवेदनशील गटात आढळले. हे आकडे जसेच्या तसे आपल्या शहराला लावता येणार नाहीत, पण तुमच्यासारखी माणसे विरळा नाहीत एवढे त्यावरून नक्की म्हणता येते. 'अतिसंवेदनशील' हा शब्द हल्ली बिरुदासारखा मिरवला जातो, तेही मला फारसे पसंत नाही. ते एका स्वभावाचे वर्णन आहे. त्याला आजाराचे निदान समजू नये आणि त्यात मोठेपणाही मानू नये.

टोमॅटो सॉसच्या युक्तिवादाकडे मात्र थोडे थांबून पाहायला हवे, कारण तो ऐकायला बिनतोड वाटतो आणि त्यामुळेच समोरच्याला निरुत्तर करतो. पॉल रोझिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सहभागी व्यक्तीच्या डोळ्यांदेखत दोन बाटल्यांत साखर भरली, एका बाटलीवर 'साखर' आणि दुसऱ्या बाटलीवर 'सोडियम सायनाइड' अशी चिठ्ठी त्या व्यक्तीलाच चिकटवायला लावली आणि मग त्या दोन्ही साखरांचे पाणी पिण्याची तयारी विचारली. चिठ्ठी स्वतःच्या हाताने लावलेली, साखर डोळ्यांसमोर भरलेली, तरी सायनाइडच्या बाटलीतले पाणी पिण्याबाबत लोक अधिक नाखूश होते. जे आपल्याला ठाऊक असते आणि जे आपल्याला जाणवते, त्या दोहोंच्या वाटा निराळ्या असतात. धोक्याची वर्दी देणारी मेंदूतील यंत्रणा हे दृश्य खरे आहे की रचलेले, याचा निवाडा होईपर्यंत थांबत नाही. हृदयाचे ठोके वाढतात, हाताला घाम येतो आणि 'हे खोटे आहे' हा विचार त्यानंतर येतो. हाडे मोडल्याचा आवाज ध्वनिकक्षात भाजीचे देठ मोडून काढतात हे ठाऊक असलेला माणूसही त्या आवाजाला दचकतो.

तुमच्या दिरांना सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. क्रिस्टन हॅरिसन आणि जोअ‍ॅन कँटर यांनी १९९९ साली अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी किंवा किशोरवयात चित्रपट वा दूरदर्शन पाहून बसलेल्या भीतीबद्दल विचारले, तेव्हा सुमारे ९० टक्के विद्यार्थ्यांना असा एखादा अनुभव आठवला आणि साधारण चौघांपैकी एकाच्या मनात त्या भीतीचा अंश तोपर्यंत शिल्लक होता. बैठकीत मोठ्याने हसणाऱ्यांपैकी एखादा रात्री न्हाणीघराचा दिवा लावूनच जात असेल, अशी शक्यता बरीच आहे.

आता सवयीबद्दल. एकच उद्दीपक वारंवार समोर आला की शरीराचा प्रतिसाद मंदावतो, यात शंका नाही. भयगंडावरील उपचारांत आम्हीही या तत्त्वाचा उपयोग करतो. मात्र उपचारात पायऱ्या ठरलेल्या असतात, सर्वांत सोपी पायरी आधी येते, वेग रुग्णाच्या हाती असतो, आणि भीती ओसरू लागेपर्यंत किंवा मनातली भीषण अपेक्षा खोटी ठरेपर्यंत त्या पायरीवर थांबायचे असते. मल्टिप्लेक्समध्ये यातले काहीही घडत नाही. तेथे दृश्य अनपेक्षितपणे येते, भीती शिगेला पोचली असतानाच कापले जाते, तुम्ही डोळे मिटून स्वतःची सुटका करून घेता, आणि मेंदू त्यातून एवढाच धडा घेतो की डोळे मिटले म्हणून वाचलो. अशा रीतीने दहा चित्रपट पाहिल्यावर भीती कमी होण्याऐवजी वाढल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. तेव्हा घरच्या आग्रहाखातर 'सवय' करून घेण्याचा मार्ग सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पडद्यावरील क्रौर्याने यत्किंचितही विचलित न होणे हे मिळवण्याजोगे उद्दिष्ट आहे का, हाही प्रश्न उरतोच, पण तो ज्याचा त्याने सोडवावा.

माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट वेगळी आहे. चित्रपटात हिंसा किती आहे, हा प्रश्न बाजूला ठेवून कोणत्या प्रकारची हिंसा आपल्याला लागते, हे नेमके शोधून काढावे. 'मला हिंसा सहन होत नाही' असे म्हणणाऱ्या माणसांशी सविस्तर बोलल्यावर असे दिसते की, एकाला तलवारींच्या लढाईत शेकडो माणसे पडली तरी काही वाटत नाही, पण घरातल्या घरात नवऱ्याने बायकोला मारलेली एक थप्पड आठवडाभर छळते. दुसऱ्याला माणसे मेलेली चालतात, पण कुत्र्याला किंवा घोड्याला इजा झालेली पाहवत नाही. तिसऱ्याला प्रत्यक्ष घावापेक्षा घावाआधीची शांतता, रिकामा जिना आणि हळूहळू चढत जाणारे वाद्य असह्य होते. काहींना छळाची दृश्ये सोसत नाहीत, कारण तेथे बळी पडणारा माणूस हतबल असतो. लैंगिक अत्याचाराचे दृश्य तर अनेक स्त्रियांना अशा ठिकाणी नेते, जेथे जाण्याची त्यांची मुळीच तयारी नसते. आजवर ज्या पाच-सात दृश्यांनी तुमची झोप उडवली ती कागदावर लिहून काढा, आणि प्रत्येकापुढे नेमके काय रुतले ते लिहा : चित्र, आवाज, वाट पाहण्याचा ताण, पात्राची असहायता, की स्वतःच्या आयुष्यातली एखादी आठवण. यादी पाहिल्यावर बहुतेकांना आश्चर्य वाटते, कारण आपण उगाच टाळत आलो असे कितीतरी चित्रपट त्यांना सहज पाहता येण्याजोगे निघतात आणि निरुपद्रवी समजून पाहिलेले काही चित्रपट त्या यादीत सापडतात.

तुम्हाला आलेली घेरी हा या सर्वांहून निराळा प्रकार आहे आणि त्याकडे वेगळे लक्ष दिले पाहिजे. सामान्यतः भीतीने रक्तदाब वाढतो. रक्त, जखम, सुई किंवा चिरफाड पाहिल्यावर मात्र काही लोकांमध्ये तो आधी थोडा वाढून मग एकदम खाली येतो, नाडी मंदावते, मेंदूला होणारा रक्तपुरवठा क्षणभर अपुरा पडतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. साधारण शंभरातल्या तीन-चार लोकांमध्ये ही भीती उपचार घ्यावा इतकी तीव्र असते आणि ती बरेचदा एकाच कुटुंबातल्या अनेकांमध्ये दिसते. अशा वेळी 'अंग सैल सोडा, दीर्घ श्वास घ्या' हा सर्वपरिचित सल्ला उलटा पडतो, कारण शरीर शिथिल झाले की आधीच उतरणारा रक्तदाब सावरायला मदत होत नाही. स्वीडनमधील लार्स-गोरान ऑस्ट यांनी यासाठी स्नायू ताणण्याची पद्धत विकसित केली. बसल्या जागी हात, पाय आणि पोटाचे स्नायू १० ते १५ सेकंद, चेहरा किंचित तापल्यासारखा वाटेपर्यंत आवळून धरावेत, मग २० ते ३० सेकंद नेहमीच्या स्थितीत यावे, आणि असे पाच वेळा करावे. ही क्रिया घरी काही दिवस सरावाने अंगवळणी पाडली, तर चित्रपटगृहात मळमळ किंवा कानात गूं-गूं सुरू होताच ती शेजाऱ्यालाही न कळता करता येते. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तसेच गर्भारपणात, आधी डॉक्टरांना विचारावे. घेरी येत असताना उठून बाहेर धावणे टाळावे. मल्टिप्लेक्सच्या अंधाऱ्या पायऱ्यांवरून पडून झालेली इजा पडद्यावरच्या इजेपेक्षा खरी असते. बसूनच राहावे, डोके खाली झुकवावे, बरे वाटल्यावर कोणाला तरी सोबत घेऊन उठावे. रक्तदान, लस किंवा दंतवैद्याकडेही असे होत असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावाच. हा त्रास उपचाराने चांगला सुधारतो.

डोळे मिटून बसण्याच्या तुमच्या उपायाविषयी एक अनपेक्षित गोष्ट सांगतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागी व्यक्तींना भीतिदायक संगीत कधी डोळे उघडे ठेवून, तर कधी मिटून ऐकायला लावले आणि मेंदूच्या प्रतिमा घेतल्या. डोळे मिटलेले असताना भावनिक अनुभव अधिक तीव्र झाला आणि भीतीशी निगडित असलेल्या अमिग्डाला या भागातील हालचालही वाढली. यात चित्रपट नव्हता, संगीत होते, हे लक्षात ठेवूनही त्याचा व्यावहारिक अर्थ असा लागतो की कान उघडे ठेवून नुसते डोळे मिटणे हा अर्धाच उपाय आहे, आणि डोळे मिटल्यावर मन स्वतः जे चित्र रंगवते ते दिग्दर्शकाच्या चित्रापेक्षा सौम्य असेलच असे नाही. चित्रपटगृहातील ध्वनीच्या प्रचलित मानकात मुख्य ध्वनिवाहिन्यांचा संदर्भस्तर, म्हणजे ज्याच्या आधारे आवाज जुळवतात ती पातळी, ८५ डेसिबल धरतात, त्यांवरील उच्चतम आवाज १०५ डेसिबलपर्यंत आणि खर्जाच्या स्वतंत्र वाहिनीवरील ११५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. प्रत्यक्ष खेळात आवाज पुष्कळदा याहून कमी ठेवतात, तरीही शरीर हादरवण्याचे निम्मे काम तोच करतो. औषधांच्या दुकानात मिळणारे फोमचे कर्णरोधक जवळ ठेवा. त्यांनी आवाज बराच उतरतो आणि संवाद तरीही कळतात. छातीत जाणवणारा खर्जाचा धक्का तेवढा पूर्ण थांबत नाही. डोळे मिटण्याऐवजी नजर पडद्याच्या कोपऱ्यावर, बाहेर जाण्याच्या मार्गावरील दिव्यावर किंवा स्वतःच्या तळहातावर ठेवावी. मागची रांग आणि कडेची खुर्ची मागून घ्यावी, कारण पडदा जितका जास्त दृष्टिक्षेत्र व्यापतो तितका शरीराचा प्रतिसाद वाढतो, आणि कडेला बसलेल्या माणसाला कोणाच्याही पायांवरून न जाता पाच मिनिटे बाहेर जाऊन येता येते.

पाहण्याची दृष्टी थोडी बदलल्यानेही खूप फरक पडतो. रिचर्ड लॅझरस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली एका आदिवासी समाजातील वेदनादायक दीक्षाविधीचे चित्रण वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या निवेदनासह दाखवले. वेदनेवर भर देणारे निवेदन ऐकणाऱ्यांच्या शरीरावर ताण अधिक नोंदला गेला, तर मानववंशशास्त्रज्ञाच्या अलिप्त सुरात केलेले वर्णन ऐकणाऱ्यांवर तो कमी दिसला. चित्रे तीच होती. पुढे जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली हात कापण्याच्या शस्त्रक्रियेचे चित्रण वापरून असे दाखवले की, तांत्रिक दृष्टीने पाहायला सांगितलेल्या प्रेक्षकांना किळस कमी जाणवली, आणि चेहऱ्यावर काहीही दिसू न देण्याची सूचना मिळालेल्यांच्या भावना तशाच राहून शरीरावरचा ताण वाढला. म्हणून कॅमेरा कोठे ठेवला असेल, दृश्य कोठे कापले, घाव बसण्याच्या क्षणी आपल्याला खरोखर काय दिसले आणि काय नुसते ऐकू आले, असे प्रश्न मनातल्या मनात विचारत पाहण्याचा सराव करावा. मात्र हा सराव दृश्य सुरू होण्याआधीपासून हवा; घाबरगुंडी उडाल्यावर तो जमत नाही. घरच्यांसमोर निर्विकार चेहरा ठेवण्याचा आटापिटा तर अजिबात करू नये.

खरी तयारी तिकीट काढण्याआधीची असते. चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र तुम्हाला वयोगट सांगते, कारण सांगत नाही. १९५२ च्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाल्यानंतर 'यूए' या वर्गाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण 'ए' प्रमाणपत्र भाषेमुळे मिळाले, प्रणयदृश्यांमुळे की अंगावर काटा आणणाऱ्या क्रौर्यामुळे, हे त्या एका अक्षरावरून कळत नाही. गंमत अशी की, पात्राने विडी ओढली तर पडद्याच्या कोपऱ्यात इशारा झळकतो, आणि त्याच पात्राने समोरच्याचा गळा चिरला तर कोपरा कोरा राहतो. ओटीटीवर परिस्थिती थोडी बरी आहे, कारण २०२१ च्या नियमांनुसार तेथे वयोगटाबरोबर आशयाचे वर्णनही द्यावे लागते. चित्रपटगृहात लागणाऱ्या मोठ्या हिंदी चित्रपटांसाठी एक उपयुक्त वाट अशी की, ते बहुधा ब्रिटनमध्येही प्रदर्शित होतात आणि तेथील प्रमाणन संस्था बीबीएफसी आपल्या संकेतस्थळावर हिंसा, जखमा, लैंगिक अत्याचार, आत्महत्या यांपैकी काय आणि किती तीव्र आहे ते मोजक्या वाक्यांत देते. आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर 'पॅरेंट्स गाइड' या सदरात प्रेक्षकांनीच प्रसंगवार माहिती भरलेली असते. आणि ज्यांना प्राण्यांचे हाल सोसत नाहीत त्यांच्यासाठी 'डझ द डॉग डाय' नावाचे संकेतस्थळ आहे, जेथे इतरही पुष्कळ प्रकारांची नोंद सापडते. मघाशी केलेली तुमची यादी येथे कामी येते, कारण काय शोधायचे ते आता तुम्हाला ठाऊक असते.

कथा आधी कळली तर मजा जाते, हा आक्षेप लगेच येईल. कॅलिफोर्नियातील दोन संशोधकांनी २०११ साली लघुकथांवर केलेल्या प्रयोगांत शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना कथा अधिक आवडल्याचे आढळले. पुढच्या काही अभ्यासांचे निष्कर्ष वेगळे आले, त्यामुळे हा नियम म्हणून सांगत नाही. पण आपल्याकडे कीर्तनाला बसलेल्या कोणाला कीचकाचे काय होणार हे ठाऊक नसते? इंदूरच्या 'सानंद' या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाट्यप्रयोगांना संवाद तोंडपाठ असलेले प्रेक्षकही आनंदाने येतातच की. संवेदनशील प्रेक्षकाला 'मध्यंतरानंतर वीस मिनिटांनी भावाचा खून होतो' एवढे समजले, तर उरलेले दोन तास तो मोकळेपणाने कथा पाहू शकतो. ते न कळल्यास तो दोन्ही तास खुर्चीचा हात धरून बसतो.

एवढे करूनही एखादे दृश्य रुतले, तर ते विसरण्याचा प्रयत्न करू नका. डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ सालच्या प्रसिद्ध प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्यांना ते अस्वल पुनःपुन्हा आठवले, आणि नंतर विचार करण्याची मुभा मिळाल्यावर तर आणखीच आठवले. एमिली होम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम येथे अधिक उपयोगी आहे. २००९ साली त्यांनी सहभागी व्यक्तींना अपघात आणि मृत्यू यांची १२ मिनिटांची चित्रफीत दाखवली, अर्ध्या तासाने काहींना १० मिनिटे टेट्रिस हा ठोकळे जुळवण्याचा खेळ खेळायला दिला, आणि पुढच्या आठवड्यात त्या गटाला नकोशी दृश्ये कमी वेळा आठवली. पुढच्या वर्षीच्या प्रयोगात सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजूषेने असा लाभ झाला नाही, उलट दृश्ये अधिक आठवली. स्मृतीत चित्र पक्के होत असताना डोळ्यांची आणि आकारांची जुळणी मागणारे काम केले की त्या चित्राला जागा अपुरी पडते, असे स्पष्टीकरण त्यावर दिले जाते. तेव्हा परतीच्या गाडीत त्याच दृश्याची चर्चा करत येण्यापेक्षा मोबाइलवर ठोकळे जुळवा. प्रयोग त्या खेळावर झाले आहेत, पण माझ्याकडे येणाऱ्या काही स्त्रियांनी ठिपक्यांची रांगोळी कागदावर काढण्याचा मार्ग शोधून काढला आणि त्यांना तो मानवला.

कुटुंबाचा भाग वाटतो तितका अवघड नाही, मात्र त्यातली एक मेख समजून घ्यावी लागते. डॉल्फ झिलमन यांनी १९८६ साली दाखवले की, शेजारी बसलेली तरुणी घाबरत असेल तर तरुणांना भयपट अधिक आवडतो, आणि शेजारचा तरुण निर्भयपणे बसला असेल तर तरुणींना. म्हणजे एकाच्या घाबरण्यावर दुसऱ्याचे शौर्य उभे असते. तुमचे दचकणे हा घरच्यांच्या करमणुकीचाच एक भाग झाला असेल, तर तुम्ही न जाण्याला विरोध होणार हे गृहीत धरा. त्यावर वाद घालू नका आणि क्षमाही मागू नका. 'हा सिनेमा माझ्यासाठी नाही, तुम्ही सगळे बघून या, रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत भेटू' एवढे प्रसन्नपणे सांगा, आणि दर दोन-तीन चित्रपटांनंतर निवड तुमची राहील हे आधीच ठरवून घ्या. सासूबाईंना विचारून पाहा. त्यांनाही बहुधा सुटका हवीच असते. दिरांना संस्कृतचा आधार हवा असेल, तर नाट्यशास्त्रात युद्ध, राज्यभ्रंश, मरण आणि नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखवता प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या प्रसंगातून, कळवाव्यात असे सांगितले आहे. संस्कृत नाटककार भासाने दुर्योधनाला रंगमंचावरच मरण दिले हे खरे, पण रक्त पाहिल्याशिवाय रसिकता सिद्ध होत नाही, असे आपल्या परंपरेत कोणी म्हटल्याचे माझ्या वाचनात नाही.

याचा अर्थ हिंसा असलेले सगळे चित्रपट टाळावेत असा मी करत नाही. दंगल, फाळणी, जातीय अत्याचार किंवा घरातली मारहाण यांविषयीचे काही चित्रपट अस्वस्थ होण्याच्या तयारीनेच पाहायचे असतात, आणि तुमच्यासारख्या प्रेक्षकाला त्यांतून जे मिळते ते निर्विकार प्रेक्षकाला मिळत नाही. असे चित्रपट घरी, दिवसा, खोलीत उजेड ठेवून, आवाज उतरवून, हवे तर दोन दिवसांत पाहावेत. नको असलेला प्रसंग पुढे ढकलावा आणि त्यात काय घडले ते कोणाकडून तरी ऐकावे. हिंसेचे परिणाम दाखवणारा आणि हिंसा नुसती मिरवणारा, हा भेद तुम्ही स्वतः पहिल्या वीस मिनिटांत ओळखू शकाल. दुसऱ्या प्रकारासाठी झोप घालवण्याचे कारण नाही.

दृश्ये महिनाभराहून अधिक काळ नको असताना आठवत राहिली, त्यांमुळे कामात किंवा घराबाहेर पडण्यात अडथळा येऊ लागला, अथवा ती तुमच्याच आयुष्यातील एखाद्या मारहाणीशी, अपघाताशी वा अत्याचाराशी जोडलेली आढळली, तर प्रश्न चित्रपटाचा राहिलेला नाही असे समजून तज्ज्ञाला भेटा. 'टेलि-मानस' या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.

राहिला मुलीचा प्रश्न. तिने तुमचे पाहून हे उचलले असेल, काही अंश स्वभावातही आला असेल. दोन्ही शक्यता खऱ्या आहेत आणि उपाय बदलत नाही. सात-आठ वर्षांखालील मुले विद्रूप चेहरे आणि राक्षस यांना भितात, त्यापुढे मुलांना खरोखर घडू शकेल अशा गोष्टींची भीती वाटू लागते, म्हणून ९ वर्षांच्या मुलीला भुतापेक्षा अपहरणाचे दृश्य अधिक लागू शकते. 'घाबरट कुठली' असे कोणी म्हणाल्यास तेथेच थांबवा. तिने कान झाकले तर झाकू द्या, बाहेर जायचे म्हणाली तर कोणीतरी तिच्याबरोबर जा, आणि घरी आल्यावर तिला काय दिसले ते तिच्याच शब्दांत एकदा सांगू द्या, चित्र काढू द्या, पण खोदून विचारू नका. 'यूए १३+' चा अर्थ १३ वर्षांखालील मुलाला हा चित्रपट दाखवायचा की नाही हे पालकांनी ठरवावे असा आहे, तेव्हा ते ठरवण्याआधी दोघांपैकी एकाने त्याची माहिती वाचलेली असावी. ओटीटीवर 'यूए १३+' आणि त्यावरील वर्गांसाठी पालक-कुलूप उपलब्ध ठेवणे कंपन्यांना बंधनकारक आहे. ते सुरू करा, आणि त्याचा अंक तिच्या काकांना सांगू नका.